चाकांवरचं घर आणि मावशीचं दार

माणूस घर सोबत घेऊन फिरू लागला की जगात कुठंही परका राहत नाही. हे वाक्य माझ्या थोरल्या चुलतभावाचं, म्हणजे अण्णाचं. बेळगावात वकिली करणाऱ्या अण्णानं मिनीबसच्या सांगाड्यावर फिरतं घर बांधून घेतलं, नारळ फोडला आणि जमलेल्या गल्लीला हे ऐकवलं. आत पलंग, स्टोव्ह, पाण्याची टाकी, पडदे. आम्ही टाळ्या वाजवल्या.

त्याआधी, सत्तरच्या दशकात, त्याच्याकडे व्हॅन होती. मागची बाकं काढून गादी टाकलेली. ती बाजाराच्या दिवशीही खडेबाजारात वळायची. मान वळवली की गाडी कुठं संपते ते दिसायचं. नव्या घराच्या आरशात उद्घाटनाचा झेंडूचा हार तेवढा दिसायचा. शिवाय तोंड डावीकडं वळवलं की शेपूट उजवीकडं कुणाच्या तरी ओट्यावर जायचं.

पण त्यात पलंग होता, म्हणून मी अण्णाचा आजही ऋणी आहे. आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं, बसवत नव्हतं. सदलग्याला तिची थोरली बहीण अंथरुणाला खिळलेली. तिला एकदा भेटायचं, एवढंच आईचं मागणं होतं.

सदलग्यात पोचल्यावर मावशीच्या गल्लीच्या तोंडाशीच थांबावं, असं मी सुचवलं. पण आमच्याकडे पाहुण्याची गाडी दारात लागली नाही तर काहीतरी बिनसलंय असं समजतात. व्हॅन नेहमी दारातच लागायची. मावसभाऊ हात हलवत पुढं उलटा चालू लागला.

"येऊ द्या अण्णा, लई जागा हाय!"

"कुठं हाय रं?" समोरच्या म्हातारीनं विचारलं. "माझ्या डोस्क्यावर?"

गाडी दारात पोचली आणि तिथंच अडकली. डावीकडं शेजाऱ्याची भिंत, उजवीकडं मावशीच्या घराचा कट्टा. मागच्या खोलीचं एकमेव दार भिंतीला चिकटलेलं. अण्णा कोट सांभाळत पुढच्या खिडकीतून उतरला. आईला तसं उतरवणं शक्य नव्हतं. बहिणीचा उंबरा समोर दिसत होता.

"बगत काय हुबारलाय?" म्हातारी खेकसली. "तिलाच बाजंसकट भाईर आणा की!"

शेजाऱ्यांनी मावशीची बाज उचलून कट्ट्यावर, गाडीच्या खिडकीला लावून ठेवली. मी आतून पडदा सारला. उंच कट्टा आणि उंच पलंग अगदी एका पातळीत आले. बुटक्या व्हॅनमध्ये हे जमलं नसतं. दोघींनी खिडकीतून एकमेकींचे हात धरले. गाडी सुटावी म्हणून शेजाऱ्यानं टपाला भिडलेले आपल्या पडवीचे पत्रे कुणी न सांगता उतरवायला घेतले. त्या गल्लीचे उपकार फिटणारे नाहीत.

दोघींची ती शेवटची भेट. बाहेर कुणी डोळे पुसत होतं. मी आत होतो, त्यामुळं मला सगळं ऐकू येत होतं.

"आक्का, आमचा ह्यो तवाच म्हणत हुता, तोंडाशीच थांबवा."

"व्हय की गं. आन् चाक आदी उजवीकडं घ्यायला पायजे हुतं."

पत्रे उतरेपर्यंत त्या दुसरं काहीही बोलल्या नाहीत.