वनस्पतिशास्त्राच्या पानावरची लाल पट्टी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय? ठाऊक नाही — आता पोटात ठेववत नाही, एवढंच.

बीडमधल्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर लॅब सांभाळते. वेबसाइटही माझ्याच गळ्यात. मुख्य साइटला जे रंगरूप दिलं, तेच प्रत्येक विभागाच्या पानाला आपोआप मिळतं. वर सूचनांची लाल पट्टी सरकायची, तीही सगळीकडे. दिसायला भयंकर! वनस्पतिशास्त्राचं पान मी हौसेनं सजवलं होतं — हिरवं, नीटनेटकं — आणि त्यावर ती पट्टी म्हणजे नव्या साडीवर सांडलेलं वरण. सेटिंगमध्ये ‘मुख्य साइटप्रमाणे’ अशी एक खूण असते. त्या पानापुरती मी ती काढली. पट्टी गेली. कुणाला विचारलं? छे. विचारलं असतं तर नकोच म्हणाले असते ना.

पुढे प्रॅक्टिकलची परीक्षा दोन दिवस अलीकडे आली. नवी तारीख मी मुख्य साइटच्या पट्टीत टाकली आणि चहाला गेले. एका पानावर पट्टीच नाही, हे डोक्यातही आलं नाही. इथवर ती नुसती चूक होती. इथेच थांबली असती तर —

कोमल शेवटच्या वर्षाला होती. धारूरकडच्या डोंगरातली, वडिलांची मेंढरं. सुट्टीत घरी गेलेली. मैत्रिणींचे फोन लागत नव्हते. टेकाडावर चढलं की रेंज यायची, तेव्हा ती आपल्या विभागाचं पान बघायची. ती आली जुन्या तारखेला. परीक्षा होऊन गेली होती.

वडिलांना घेऊन ती लॅबमध्ये आली. ते चपला काढून दारातच उभे राहिले. “मॅडम, मी रोज बघितलं,” ती म्हणाली, “तिथं काईच न्हवतं.”

मला कळलं. त्याच क्षणी कळलं — याबद्दल मी स्वतःला फसवणार नाही. स्क्रीन माझ्याकडे होती. मी ती खूण पुन्हा लावली, सेव्ह केलं आणि स्क्रीन तिच्याकडे फिरवली. “ही काय पट्टी? सगळ्यांना दिसली, तुलाच कशी नाही दिसली?”

तिनं स्वतःच्या फोनवर पान उघडलं. तिथंही पट्टी. ती बघतच राहिली. मग म्हणाली, “माझंच चुकलं असंल, मॅडम.”

वडिलांनी मला हात जोडले. “पोरीनं ध्यान दिलं न्हाई, ताई. तुमी तरी काय करणार?”

काय करणार? खूप काही. प्राचार्यांनी विचारलंही होतं — कॉलेजची चूक असेल तर तिची परत परीक्षा घेऊ, साइटवर तारीख होती ना? “होती, सर,” मी म्हणाले. तिचं वर्ष गेलं. नोकरी जाईल अशी भीती वाटली होती का? वाटली होती. पण त्याहून जास्त लाज वाटली होती, हे खरं.

आता ती एसटी स्टँडजवळ ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात काम करते. परवा भाचीचा फॉर्म भरायला मी तिथं गेले. मला बघून ती हसली, खुर्ची दिली. प्रत्येक तारीख मोठ्यानं वाचली, पुन्हा वाचली, मग कागद माझ्यापुढे सरकवला.

“एकदा तुमी बघा, मॅडम. मला समोरचं दिसत न्हाई कधीकधी. डोळ्याच्या डॉक्टरला दोनदा दाखवलं. नंबर न्हाई म्हणतात.”

मी बघितलं. सगळं बरोबर होतं. तेवढंच तिला सांगितलं आणि निघाले.