साहेबांचा शेकहँड

"टाळी पडली का न्हाय, तेवढं सांग बेटा," महेबूबचाचा मला विचारत होते.

पडली तर होती. साऱ्या उमरगा बाजारानं पाहिली होती. ब्लॉक ऑफिसच्या साहेबांनी चाचांचा हात हातात घेतला, जोरात हलवला, हसले आणि जीपमध्ये बसून गेले. त्याला बरेच दिवस झाले होते. वळू अजून चाचांच्याच दावणीला होता.

मी जनावरांच्या बाजारातला दलाल. बाजारातल्या जनावरांना पाणी पाजण्यापासून सुरुवात केली. माझ्या पाठीशी कुणी नव्हतं, आणि मला कुणाचं ऐकून घ्यायची सवयही नव्हती. आमच्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली हात घालायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. तोंडानं मात्र पीकपाण्याच्या गप्पा चालू. जमलं की रुमाल काढायचा आणि चारचौघांत विकणाऱ्याच्या हातावर हात द्यायचा. ही टाळी. टाळी पडली की जनावर घेणाऱ्याचं. विकणाऱ्याच्या गोठ्यात राहिलं तरी ती अमानत. घेणारा जोवर स्वतः 'सोडलं' म्हणत नाही, तोवर ते दुसऱ्याला देता येत नाही.

चाचांचा वळू देवणी जातीचा, अंगानं पांढरा आणि तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या. तसं जनावर मी पुन्हा पाहिलं नाही. ते विकायचं कारण एकच. औताच्या जोडीतला एक बैल मेला होता. वळू विकून मृगाच्या आत दुसरा बैल घ्यायचा, नाहीतर पेरणी राहणार.

साहेब पुण्याकडचे. आमचा भाग मुंबई राज्यात गेला तेव्हा बदलून आलेले. त्यांना सरकारी पैदास केंद्रासाठी वळू पाहिजे होता. मी रुमाल पुढं केला तर हसले.

"हे रुमाल-बिमाल नको हो. सरळ बोला."

मी सरळ बोललो. साहेब म्हणाले, "रिझनेबल आहे," आणि चाचांशी शेकहँड केला.

चाचांनी मला हळूच विचारलं, "ह्यांच्यात रुमाल नसतो व्हय?"

"साहेब लोक आहेत चाचा. उघड्यावरच देतात."

त्याच दुपारी आळंदचा एक गौडा, कानडी पाटील, वळू बघून वेडा झाला. भाव चढवत गेला. चाचा एवढंच म्हणाले, "दिलंय." गौडा दुसरीकडं गेला.

म्हणून चाचांनी टाळीचं विचारल्यावर मी साहेबांच्या ऑफिसात गेलो.

"वळू कधी नेता साहेब?"

"मंजुरी कुठं आलीय अजून? वर पाठवलंय."

"पण हात दिला तुम्ही."

"शेकहँड केला हो!" साहेब हसले. "माणूस भेटला की करतो, निघताना करतो, कुणाचा मुलगा पास झाला तरी करतो. क्रिकेटमध्ये तर हरलेलासुद्धा करतो."

"आमच्यात एकाच कामाला करतात. मग बाजारात या आणि सोडलं म्हणा. चाचा दुसरीकडं विकतील."

"जो सौदा मी केलाच नाही, तो मोडू कसा? आणि उद्या मंजुरी आली म्हणजे? थांबा ना जरा."

हे 'थांबा ना' मी ऐकायला हवं होतं. पण माझं डोकं फिरलं होतं.

"मृग थांबतंय का? व्हय का न्हाय, एका शब्दात बोला. आमच्या बाजारात लबाड माणूससुद्धा हात देऊन फिरत न्हाय!"

कारकून उठून उभे राहिले. साहेबांचा चेहरा लाल झाला.

"नको मला तो वळू! चला, निघा इथून!"

मी निघालो तो खुशीत. मला पाहिजे तो शब्द मी काढून घेतला होता.

चाचांनी विचारलं, "तोंडानं बोलले?"

"चार माणसांसमोर."

"मग सुटलं."

सुटलं, पण घेणारा उरला नव्हता. गौड्यानं दुसरा वळू घेतला होता. राहिले होते ते खाटकाचे दलाल, आणि त्यांना चाचा अंगणात उभं करत नव्हते. शेवटी त्यांनी ठरवलं, यालाच औताला जुंपायचं. वळू औताला शांत चालावा म्हणून त्याला खच्ची करतात. डॉक्टर येऊन चिमटा लावतो. त्यानंतर त्याच्यापासून वासरं होत नाहीत. डॉक्टर आला तेव्हा चाचा तोंड फिरवून भिंतीकडं बघत बसले.

"याचा बाप साऱ्या शिवारातल्या वासरांत दिसतो," एवढंच म्हणाले. पेरणी झाली.

श्रावणात साहेब बाजारात मला शोधत आले. मनात काही ठेवलेलं दिसलं नाही.

"मंजुरी आली! चला तुमच्या चाचांकडं. त्या दिवशी मी जरा चिडलो, राग धरू नका."

जीपमध्ये ते वाटभर बोलत होते. मी शेताची वाट दाखवत गेलो.

चाचा शेतात तण काढायला कोळपं धरून होते, वळू जोडीत जुंपलेला. साहेबांनी काळ्या तोंडावरून वळू लांबूनच ओळखला. जवळ गेले, मागून पाहिलं आणि जागीच थांबले. त्यांना जनावरातलं कळत होतं.

"असं करायला कुणी सांगितलं?"

"तुमीच सोडलं होतं की, साहेब," चाचा म्हणाले. आवाजात राग नव्हता.

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. जाताना त्यांनी चाचांपुढं हात केला. तो कसला होता ते मला कळलं नाही. चाचा म्हणाले, "हात मातीचे हायत," आणि कपाळाला हात लावून सलाम केला.

साहेब पुढं बढतीवर गेले. ज्याला हात द्यायचा नसतो त्यानं तो खिशात ठेवावा, असं मी आजही म्हणतो. त्यांच्यावरचा माझा राग गेलेला नाही. पण त्यानंतर दलालीत मी एक नियम पाळला. हो म्हणणं ज्याच्या हातात नाही, त्याला हो का नाही असं विचारायचं नाही. तो नाहीच म्हणतो.