बॉल द्या ना, काकू!

आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर शिलाईकाकू राहायच्या. पँटा आखूड करायच्या, चेन बदलायच्या, कोपरावर फाटलेल्या शर्टांना ठिगळ लावायच्या. नवरा केव्हाच गेला होता. मुलगी लांब राहायची आणि फोनवर कायम घाईत असायची. गिऱ्हाइकं पिशवी दारातच टेकवून पसार व्हायची. बाई अगदी एकट्या होत्या.

अंगणात खेळणाऱ्या पोरांचा बॉल मात्र रोज त्यांच्या खिडकीतून आत यायचा. काकू तो मशीनखाली पायाशी दडवायच्या आणि बेल वाजायची वाट बघायच्या. बेल वाजली की तोंडाचा पट्टा सुरू. "डोळे आहेत की बटणं? अभ्यास नाही का? आईचा ताप उतरला का? काल कोण जिंकलं?" शेवटचे दोन प्रश्न रागातले नाहीत हे पोरांना कळायचं. आम्हा मोठ्यांना कधी कळलं नाही, पण आमच्याकडून अपेक्षा तरी काय करायची!

पुढे अंगणात पार्किंग करायचं घाटू लागलं. मीटिंगला पोरंही घुसली. सगळ्यात आगाऊ ती चिमणी, दुसऱ्या मजल्यावरची. ती उठून म्हणाली, "गाड्या नुसत्या उभ्या राहतात, तरी त्यांना जागा. आम्ही पळतो, तर आम्हाला नाही. आणि आम्हाला कुणी विचारलंसुद्धा नाही."

हशा पिकला. सेक्रेटरी गोड आवाजात म्हणाले, "काकू, तुम्हीच सांगा. होतो ना त्रास?"

काकूंना नाही म्हणायचं होतं. पण मग आपण बेलची वाट बघत बसतो, हेही चारचौघांत सांगावं लागलं असतं. इतक्या वर्षांची सवय आधी बोलून गेली. "होतो तर! डोक्याला ताप नुसता!" पुढे त्या "पण" म्हणाल्या, तोवर टाळ्या पडल्या होत्या. एक मिनिट थांबलो असतो तर आमचं काय बिघडलं असतं?

आता त्यांच्या खिडकीसमोर कव्हर घातलेली गाडी असते. बेल वाजत नाही. शेवटचा बॉल मशीनखालीच राहिला होता. परवा जिन्यात चिमणी दिसली, तशा काकू तो घेऊन लगबगीने बाहेर आल्या.

"अगं, तुमचा बॉल! न्यायला आलीच नाहीस."

"राहू दे तुमच्याकडेच, काकू. खेळायचं कुठे?"

ती वर निघून गेली. काकूंनी बॉल परत मशीनखाली पायाशी ठेवला.