नायकिणीचा पगार

आमच्या नायकिणीसमोर कुणी ‘देवाचं लेकरू’ असं म्हटलं, की ती आधी तोंडातली मशेरी थुंकायची आणि मग म्हणणाऱ्याचा उद्धार करायची. क्रम ठरलेला होता. बोलणारा बिचारा भल्या मनानंच बोललेला असे. एखाद्या मंद बुद्धीच्या पोराकडे बघून, चुकचुकून, वर हात करून त्यानं तो शब्द उच्चारलेला असायचा आणि तेवढ्यात ही कडाडायची, ‘‘देवाचं हाय व्हय? मग देवाकडनं पगार आणा की त्याचा!’’ या पोरांना खुळं म्हणा, बावळट म्हणा, तिची हरकत नव्हती. ती स्वतः त्यांना गाढव म्हणायची. ‘‘खुळ्याला पगार मिळतो. मिलचं निम्मं हाफिस खुळ्यांनीच भरलंय. पर देवाचं लेकरू म्हणलं की पगार बुडाला.’’

नायकीण या शब्दानं दचकू नका. मिलच्या रिळिंग, म्हणजे सूत गुंडाळायच्या, खात्यात बायकांवर जी मुकादमीण असे तिला नायकीण म्हणत, आणि भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या सोलापुरात हे कुणाला सांगावं लागत नसे. पुण्याच्या आमच्या मामांना मात्र कुणी सांगितलं नव्हतं. ते एकदा आले आणि ‘‘गिरिजा कुठं दिसत नाही?’’ म्हणून त्यांनी मला विचारलं. मी शाळकरी पोर. सरळ सांगितलं, ‘‘अक्काला नायकीण घेऊन गेली. धंद्याला लावणार आहे.’’ मामांच्या हातातली कपबशी ही आमच्या घरातली शेवटची धड कपबशी होती.

गिरिजाक्का माझी थोरली बहीण. वयानं वीस, बुद्धीनं किती ते डॉक्टरांनाही नीट सांगता आलं नव्हतं. शाळेनं तिला दुसरीतच हात जोडले होते. तिला कामाचा कंटाळा नव्हता, पण थांबायचं कधी ते कळत नसे. अंगण झाड म्हटलं की आमचं अंगण, शेजाऱ्यांचं अंगण, मग बोळ, असं झाडत झाडत ती पार भवानी पेठेच्या मोठ्या रस्त्याला लागायची. आमचे अप्पा अडत दुकानात दिवाणजी होते. दिवसभर दुसऱ्यांच्या ज्वारीची काळजी वाहून ते घरी येत आणि जेवताना अव्वाला, म्हणजे आमच्या आईला, एकच प्रश्न विचारत, ‘‘आपल्या मागं हिचं काय?’’ अक्का समोरच जेवत असे. पानात पडेल तेवढं ती खायची. ‘वाढ’ असं कधी म्हणाली नाही. आपण या घरात फुकट जेवतो असं तिला कुणीतरी केव्हातरी सांगितलं असावं, आणि सांगितलेलं ती विसरत नसे.

नायकीण आमच्या घरी आली तीही या झाडण्यामुळेच. रस्ता झाडणारी अक्का बघून ती थांबली आणि अव्वाला हाक मारून म्हणाली, ‘‘ही कुणाच्या पगारावर हाय? मुन्शिपाल्टीच्या?’’ अव्वा ओशाळून म्हणाली, ‘‘आमचीच आहे, बाई. जरा हे आहे... देवाचं लेकरू.’’ झालं. मशेरी आमच्या उंबऱ्याबाहेर पडली आणि नायकीण उंबऱ्याच्या आत आली.

तेव्हा ती मिलच्या नोकरीतून नुकतीच सुटली होती. मिलमध्ये असताना अशा दोन-तीन पोरी तिनं रिळावर बसवल्या होत्या, आणि आता गावभरची पोरं तिनं अंगावर घेतली होती. लोकांना असल्या माणसामागं एक दुःखी गोष्ट लागते. हिला असंच एक मूल होतं आणि ते गेलं, अशी गोष्ट पेठेनं परस्पर रचून टाकली. अव्वानं एकदा भीतभीत विचारलंही. नायकीण खदाखदा हसली. ‘‘मूल व्हायला नवरा घरात लागतो. माझा नवरा बदली कामगार हुता. शेवटपत्तुर पर्मनंट झालाच न्हाई!’’ मग हे सगळं कशासाठी? ‘‘मला रिकामं बसल्यालं माणूस बघवत न्हाई. आन् फुकट राबणारं तर त्याहून न्हाई.’’ अप्पांनी आपण काय द्यायचं म्हणून विचारलं तेव्हा ती म्हणाली, ‘‘पोरगी कामाला लागू दे, मग बघू.’’ आणि चहात साखर वाढवून घेतली.

पहिला प्रयोग चादरीच्या कारखान्यात झाला. काम घड्या घालण्याचं. नायकिणीची रीत अशी, की आधी आपण तिथं बसून काम करायचं, मग पोरीचा हात धरून करायचं, मग पोरीनं करायचं. अक्का चार दिवसांत तयार झाली. पाचव्या दिवशी चादरी संपल्या, पण थांब असं कुणी म्हटलं नव्हतं, तेव्हा तिनं खुंटीवरचा मालकांचा कोट काढला, त्याची घडी घातली आणि गठ्ठ्यात ठेवली. गठ्ठा हैदराबादला गेला. मालकांनी कारखाना डोक्यावर घेतला. नायकिणीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘घडी नीट घातली हुती का न्हाई, तेवढं सांगा.’’ दुसऱ्या दिवसापासून अक्का घरी. अप्पा म्हणाले, सगळं मुसळ केरात गेलं. नायकीण म्हणाली, ‘‘मुसळ! हे बरं आठवलं तुमाला.’’

आणि ती अक्काला घेऊन चटणीवाल्या अण्णांकडे गेली.

अण्णांचा शेंगा चटणीचा कारखाना म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाची एक लांबोडी पडवी, पाच उखळं आणि चार बाया. ही चटणी कुटताना दाण्याला तेल सुटावं लागतं. बाया तेल सुटायच्या आधी दमायच्या. अक्का तेल सुटल्यानंतरही कुटत राहायची, म्हणजे चटणीचा लगदा. नायकिणीनं घरून एक रिकामं पोतं आणलं, ते अक्काच्या उखळाशेजारी टाकून त्यावर बसकण मारली आणि तिला एक खूण शिकवली. ‘‘चिमूट घ्यायची, मनगटावर घासायची. मनगट चमाकलं की थांबायचं. कळलं का, गाढवा?’’ आमच्या घरी वीस वर्षं सगळ्यांनी अक्काला ‘थांब’ म्हणून सांगितलं होतं. थांबायचं कसं, ते तिला पहिल्यांदाच कुणीतरी शिकवलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

अक्कानं ही विद्या मनावर घेतली. आधी स्वतःच्या मनगटावर, मग शेजारणीच्या, मग हिशेब विचारायला आलेल्या अण्णांच्या पांढऱ्याशुभ्र बाहीवर. अण्णांनी बाहीकडे पाहिलं. डाग चमकत होता. अण्णा भला माणूस. म्हणाले, ‘‘थांब हं, झाली.’’

मग पोतं मागं सरकू लागलं. आठवडाभर उखळाला चिकटून असलेलं पोतं हातभर मागं गेलं, मग भिंतीला, मग दाराशी. नायकीण म्हणायची, ‘‘काम शिकवायला अक्कल लागत न्हाई. मागं सरकायला लागती.’’ पोतं दाराशी गेलं त्या दिवशी अक्का मुसळ घेऊन दाराशी येऊन बसली. ‘‘उखळ आणलं न्हाईस ते बरं,’’ म्हणत नायकिणीनं तिला परत नेऊन बसवलं. असं तीनदा. चौथ्यांदा अक्का उठली नाही. नंतर नायकीण समोरच्या पानपट्टीपाशी उभी राहायची, आणि मग एक दिवस आलीच नाही. त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी धावत पडवीत डोकावले. अक्का मनगट उन्हाकडे धरून चमक बघत होती.

चटणी गाजली. लाल चटणीवर अण्णांचं उखळ पांढरं झालं. पण पगाराचा विषय निघाला की अण्णांचे डोळे भरून यायचे. ‘‘अहो, देवाचं लेकरू ते. राहू दे की माझ्याकडं. दोन घास खाईल, सणाला लुगडं देईन.’’ खरं सांगायचं तर आमचे अप्पा तेवढ्यावर तयार होते. निदान दिवसाचं एक जेवण तिचं सुटलं, असं ते अव्वाला म्हणाले. नायकिणीला हे कळलं तेव्हा तिनं अप्पांना ओसरीवर उभं करून सुनावलं, ‘‘लुगडं देवीला नेसवत्यात, दिवाणजी. बाईला पगार देत्यात. उद्या तुमी मेल्यावर हिनं काय लुगडं खायाचं?’’ अप्पांच्याच प्रश्नाला कुणीतरी पहिल्यांदा उत्तर दिलं होतं.

संक्रांत आली. सिद्धेश्वराची यात्रा, गड्ड्यावर, म्हणजे जत्रेच्या मैदानावर, माणसांचा पूर, आणि बाहेरगावचा प्रत्येक माणूस जाताना चटणी घेऊन जाणार. अण्णांकडे दाण्यांची पोती छताला लागली होती. नेमक्या त्या सकाळी नायकीण पडवीत आली आणि तिनं अक्काच्या हातातलं मुसळ काढून घेतलं. अण्णा हबकले. ‘‘कुठं नेताय?’’

‘‘देवाचं लेकरू म्हणलात न्हवं? मग आज बापाची यात्रा हाय. लेकरू बापाकडं चाललं!’’

मला सुट्टी होती, मीही गेले. नायकिणीनं अक्काला रेवड्या घेऊन दिल्या आणि मोठ्या पाळण्यात बसवलं. पाळणा थांबला तरी अक्का उतरेना. नायकीण पाळणेवाल्याला म्हणाली, ‘‘फिरव.’’ दुपारपर्यंत अक्का सोलापूरच्या आकाशात होती. तेवढ्यात गर्दीतून घाम पुसत अण्णा आले. पडवीत गिऱ्हाइकं खोळंबली होती. अक्काचा पाळणा खाली आला की अण्णा हात जोडून म्हणत, ‘‘गिरिजा, चल गं बाई,’’ आणि वाक्य संपायच्या आत ती वर. पुन्हा खाली, पुन्हा ‘‘चल गं’’, पुन्हा वर. भोवती माणसं जमली.

‘‘माज्याकडं काय बगताय?’’ नायकीण म्हणाली. ‘‘पगार म्हणा. उतरंल.’’

‘‘देतो पगार!’’ अण्णा आभाळाकडे तोंड करून ओरडले.

‘‘बाकीच्या बायांइतका?’’

‘‘बाकीच्यांइतका!’’

‘‘थांबव रं पाळणा,’’ नायकीण म्हणाली.

पहिल्या पगाराच्या दिवशी अक्का घरी आली, पाकीट अप्पांच्या पुढ्यात ठेवलं आणि पाटावर बसली. पानातली भाकरी संपली. मग नायकिणीनं घोकून घेतलेलं वाक्य तिनं मोठ्यानं म्हटलं, ‘‘अव्वा, भाकरी वाढ. पगारी माणूस जेवायला बसलंय.’’ अव्वानं वाढली. अप्पा हात धुवायच्या निमित्तानं मोरीकडे गेले आणि बराच वेळ हात धूत राहिले. मला रडू आलं आणि हसूही. नायकीण दारात होती. चहा मागून ती म्हणाली, ‘‘साखर बेतानंच घाला. आता काय, पाव्हणी न्हाई मी.’’

पुढची काही वर्षं ती अशीच गावभर पोरं लावत हिंडली. सायकलच्या दुकानात हवा भरायला लावलेल्या एका पोरानं तिच्या देखत ट्यूब फोडली तेव्हा म्हणे ती दचकली नाही. म्हणाली, ‘‘दम हाय पोरात.’’ मग खोकला वाढला. मिलमधली रुई छातीत बसली होती. मिलजवळच्या चाळीतल्या खोलीत ती पडून राहू लागली. अक्का काम सुटलं की रोज तिकडे जायची. सुरुवातीला नायकीण तिला आत येऊ द्यायची नाही, खोकला लागंल म्हणून हाकलायची. अक्का आपलं पोतं घेऊन दाराबाहेर बसायची. मग दाराच्या आत बसली. शेवटी पोतं खाटेला टेकलं.

नायकीण गेली तेव्हा चाळीत उभं राहायला जागा नव्हती. तिनं लावलेली पोरं आली होती, त्यांचे आईबाप आले होते. कुणीतरी रडत होतं, कुणीतरी बांबू आणायला गेलं होतं. चटणीवाल्या अण्णांनी हार घातला, डोळे पुसले आणि हात जोडून म्हणाले, ‘‘देवमाणूस होती हो.’’

‘‘देवमाणूस म्हणायचं न्हाई!’’ खाटेजवळून अक्का गरजली. ‘‘पगार बुडतो!’’

मग कोपऱ्यातला तो सायकलवाला पोरगा फिसकन हसला आणि ती सबंध चाळ, मयत समोर असताना, पोट धरून हसली. नायकिणीला यापेक्षा चांगला निरोप मिळाला नसता. अक्का मात्र हसली नाही. हसू ओसरेपर्यंत थांबून तिनं अण्णांना विचारलं, ‘‘नायकिणीचा पगार कुणी दिला?’’

अण्णांनी अप्पांकडे पाहिलं, अप्पांनी अण्णांकडे. पोरगी कामाला लागू दे, मग बघू, असं ती म्हणाली होती. पोरगी लागून वर्षं झाली होती आणि आम्ही कुणीच काही पाहिलं नव्हतं. नुसता चहा पाजला होता.

त्या उन्हाळ्यात मैंदर्गीची एक बाई आपल्या मुलाला घेऊन पडवीत आली. पोरगा आ वासून उखळाकडे बघत राहिला. अण्णा सवयीनं म्हणाले, ‘‘अरेरे, देवाचं...’’ त्यांची नजर अक्कावर गेली. ‘‘देवाचं दर्शन घेऊन आलात का, सिद्धेश्वराचं?’’ त्यांनी बाईंना विचारलं.

अक्कानं कोपऱ्यातलं पोतं आणलं, पोराला नव्या उखळाशी बसवून शेजारी टाकलं आणि त्याचं मनगट धरलं. सकाळी ती त्याच्यापाशी बसायची आणि दुपारी आपलं कुटायची. आठवड्याच्या शेवटी अण्णांनी तिच्या हातात दोन पाकिटं ठेवली. म्हणाले, ‘‘हा तुझा. हा नायकिणीचा.’’

अक्कानं दोन्ही पाकिटं पदराला बांधली, पोतं उचललं आणि हातभर मागं सरकवलं.