मेन बंद, तरी पाकळी जागेवर

घरातून शेवटी बाहेर पडणाऱ्यानं मेन स्विच बंद करायचा, हा आमच्या घरातला सासऱ्यांचा कायदा. घरात सगळे त्यांना आबा म्हणतात, मीही. त्यांची तीस वर्षं सुरतेतल्या बमरोलीच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात गेली. शेजारचा एक कारखाना वायरीतल्या ठिणगीनं जळताना त्यांनी डोळ्यांनी पाहिला आणि तेव्हापासून रिकाम्या जागेत वीज चालू ठेवणं त्यांना पाप वाटतं. कुलपाच्या आधी हात मेनवर. आमच्या फ्रीजलासुद्धा रोज तासाभराची सुट्टी मिळते. दूध नासलं म्हणून कुणी कुरकुरलं की त्यांचं अहिराणी उत्तर ठरलेलं: "आग काय पुशीसन लागस का?"

आग विचारून लागत नाही, हे मलाही कळतं. पण माझं कामही न विचारता जात होतं, आणि मी गप्प बसणाऱ्यांतली नाही. लग्नाआधी माझ्या आईनं तशी कल्पना सगळ्यांना देऊन ठेवली होती.

माझं काम म्हणजे पंचिंग. साड्यांवर भरतकाम करणाऱ्या मोठ्या मशीनला टाका कुठे घ्यायचा, किती लांब घ्यायचा, हे आधी कॉम्प्युटरवर बिंदू बिंदू देऊन आखावं लागतं. मुलगी शाळेत जायला लागल्यावर मी त्याचा क्लास केला आणि एक जुना कॉम्प्युटर घरी आणला. तो सुरू व्हायला म्हाताऱ्यासारखा वेळ घ्यायचा. घरात याला कुणी काम म्हणत नव्हतं. कुणी विचारलं तर आबा सांगायचे, सून चित्रं काढते.

मग मार्केटमधल्या एका व्यापाऱ्यानं एका पदराचं डिझाइन करून बघायला दिलं. मुदत आठ दिवस. जमलं तर घरी बसून कायमचं काम मिळणार होतं. नाही जमलं तर दुसऱ्याच्या ऑफिसात दिवसभर खुर्ची धरायची, आणि ती वेळ आबांच्या देवळाची असल्यानं लहान मुलीला शाळेतून आणणारं दुसरं कुणी नसताना ते मला शक्य नव्हतं. म्हणजे हा पदर गेला की पंचिंगही गेलं.

माझा दिवस तुकड्यातुकड्यांचा. सकाळचा स्वयंपाक आवरला की पाऊण तास, मुलीला आणायच्या आधी अर्धा तास, दुपारी ती झोपली तर नशीब. दर वेळी कॉम्प्युटर शटडाऊन केला की पुन्हा सगळं मांडणं आलं. डिझाइनची फाइल, तिच्याखालचा फोटो, धाग्यांच्या रंगांचा क्रम, आणि मी कुठल्या फुलाच्या कुठल्या पाकळीवर होते ते शोधणं. अर्ध्या तासातली पंधरा मिनिटं यातच जायची. कॉम्प्युटर दुरुस्त करायला येणाऱ्यानं सांगितलं की रोज बंद कशाला करता बेन, स्लीपवर ठेवत जा. ठेवला. परत आल्यावर एक बटण दाबलं की पाकळी समोर हजर. मला स्वर्ग दोन बोटं उरला.

तिसऱ्या दिवशी मुलीला आणायला निघाले तेव्हा अकरावं फूल अर्धं झालं होतं. सेव्ह केलं नाही. चूक माझीच, पण स्लीप म्हणजे सगळं आपोआप जपून ठेवणं, अशी माझी पक्की समजूत होती. माझ्यामागून आबा देवळात जायला निघाले आणि त्यांनी मेन बंद केला. परत येऊन बघते तर पडदा काळा. सुरू केल्यावर फाइल आदल्या संध्याकाळची. सकाळची सगळी फुलं गेली होती.

मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. आबा शांतपणे म्हणाले की यंत्र सोडून जाताना ते नीट बंद करून जावं, एवढं साधं आहे. कॉम्प्युटरच्या खालचा बॅटरीचा डबा केव्हाच मेला होता, आणि नवा आणला असता तरी आबांनी त्याचाही प्लग काढला असता. दोन दिवस आम्ही एकमेकांशी मुलीमार्फत बोललो. मला रडू येत होतं. ते फुलांसाठी नव्हतं. माझं काम या घरात कुणालाच दिसत नाही, याचं होतं.

पण रडून पदर पुरा होत नाही. पाचव्या दिवशी मी फुलं बाजूला ठेवली आणि हा स्लीप नक्की करतो काय, तेच शोधायला बसले. तेव्हा कळलं की स्लीपमध्ये उघडं काम थोड्याशा विजेवर तग धरून असतं. वीज गेली की ते गेलं. शटडाऊन उघडं असलेलं सगळं बंद करून टाकतो. आणि या दोघांच्या मधला एक तिसरा आहे, हायबरनेट. तो उघड्या कामाची जशीच्या तशी नोंद डिस्कवर करतो आणि मग यंत्र पूर्ण बंद होतं. त्याला वीज लागतच नाही. उठायला स्लीपपेक्षा जरा जास्त वेळ घेतो, इतकंच. आमच्या घरासाठीच कुणी बनवला असावा असा हा पर्याय, आणि तो बंद करण्याच्या यादीत दिसतही नव्हता. पॉवरच्या सेटिंगमध्ये खोल जाऊन, एका चौकोनात खूण करून मी त्याला बाहेर काढला.

आधी फाइल सेव्ह केली, एवढी अक्कल आली होती. मग सगळं उघडं ठेवून हायबरनेट केलं, दिवा विझेपर्यंत थांबले आणि माझ्या हातानं मेन बंद केला. पंखा थांबला, फ्रीज गप्प झाला. देवाचं नाव घेऊन मेन वर केला, बटण दाबलं. आणि पाकळी जागेवर! फोटो जागेवर, रंग जागेवर, बाणसुद्धा जिथे सोडला होता तिथेच. मी एकटीच स्वयंपाकघरापर्यंत नाचत गेले.

आबांना बोलावलं. ते म्हणाले की मेनचं काय, आत कुठेतरी वीज उरली असेल. मी म्हटलं, मग प्लगच काढा. त्यांनी प्लग काढला, आणि मी पुन्हा घुसवू नये म्हणून वायर बोटांना गुंडाळून तिथेच स्टूल ओढून बसले. चहा त्यांनी दुसऱ्या हातानं प्यायला. कप खाली ठेवल्यावर स्वतः प्लग लावला. पाकळी आली. त्यांनी चष्मा लावून ती नीट पाहिली. मग म्हणाले की लूम दिवाळीला जास्त दिवस बंद ठेवायचा असला तर ते ताणा, म्हणजे उभे धागे, ढिला करून ठेवत, नाहीतर पुन्हा चालू केल्यावर कापडावर पट्टा उमटतो. यंत्र थांबवणं हेही काम असतं, ते सगळ्यांना येत नाही, असंही म्हणाले. इतक्या वर्षांत लूमचं काही त्यांनी मला पहिल्यांदाच सांगितलं होतं.

उरलेल्या दिवसांत मी तुटून पडले. दहा मिनिटं मिळाली तरी दहाच्या दहा हाताला लागायची. आठव्या दिवशी फाइल दिली. कडोदऱ्याच्या भरतकामाच्या कारखान्यात नमुना निघाला, धागा एकदाही तुटला नाही. व्यापाऱ्यानं पदरावरून हात फिरवला आणि फक्त विचारलं, "बेन, बीजी क्यारे आपशो?" दुसरी कधी देणार, म्हणे! रिक्षातून घरी येताना मला सगळं सुरत माझ्याच मालकीचं वाटत होतं.

घरी मी जाहीर केलं की आजपासून आबांनी मेन खुशाल, हवा तेव्हा बंद करावा. माझं काही जात नाही, कुणी मला विचारायची गरज नाही. ते नुसते हुं म्हणाले.

पुढच्या सोमवारी नव्या डिझाइनवर बसले होते. निघायची वेळ होत आली होती, मुलीला आणायला त्या दिवशी आबाही यायचे होते. ते चपला घालून तयार होते. मेनकडे हात गेलेला दिसला, पण तो तिथेच थांबला.

"तुनं काम जयं का?" माझं काम झालं का, असं त्यांनी विचारलं. "मेन बंद करू का?"

हायबरनेटला अर्धं मिनिट पुरलं असतं. पण माझी पाकळी अर्धी होती. मी म्हटलं, "दहा मिनिटं थांबा, आबा."

त्यांनी चपला काढल्या आणि भिंतीला टेकून बसले.