खाणीची भेग

भेग दिसली की साहेब तिच्यात करंगळीचं नख घालायचे, डोळे मिटायचे आणि विचारायचे, "कोणाची हाय हे?" जणू चुकलेलं वासरू सापडलंय आणि त्याचा मालक शोधायचाय.

उत्तर मात्र ठरलेलं. "खाणीची हाय. बिल्डिंगचा काही दोष नाई."

तुम्ही आमच्या चंद्रपूरकडच्या एखाद्या कोळशाच्या गावात राहिला असाल तर तुम्हाला हे पटेल. दुपारी खाणीत सुरुंग उडाला की कपाटातल्या बश्या वाजतात. त्यामुळे भिंतीचा तडा, फुटलेला माठ, मोडलेली सोयरीक, काहीही खाणीच्या नावावर खपतं. जुन्या इमारतींच्या सक्तीच्या तपासणीवर नेमलेल्या आमच्या या इंजिनिअर साहेबांनी त्या सोयीचं शास्त्रच करून टाकलं होतं.

माझं चष्म्याचं दुकान अशाच एका जुन्या तीन मजली इमारतीत तळाला होतं. घर त्यावरच चालायचं, आणि शाळा सुटली की माझी मुलगीही तिथेच येऊन बसायची. त्यामुळे इमारत टिकते की नाही, हा माझ्या झोपेचा प्रश्न होता. एकदा दर्शनी भिंतीचा गिलावा सुटून गिऱ्हाइकाच्या स्कूटरवर पडला. साहेब आले. तो तुकडा त्यांनी हातात तोलून पाहिला.

"चांगलं झालं," म्हणाले. "तेवढाच भार कमी झाला."

मी त्यांना तळघरातल्या पार्किंगमध्ये नेलं. छताचं सिमेंट झडून गंजलेल्या सळया उघड्या पडल्या होत्या.

"साहेब, हे काय होऊन राह्यलं?"

"सळईलेबी हवा पाह्यजे नं भाऊ. तुमी काऊन घाबरून राह्यले?"

मग वर घरमालकाकडे तर्री-पोहे झाले आणि इमारत सुरक्षित ठरली. सर्टिफिकेट चौकटीत घालून जिन्यात टांगलं गेलं. त्या भिंतीत खिळा ठोकताना गिलाव्याचा आणखी एक पापुद्रा निघाला, पण तो बहुतेक खाणीचाच असावा.

माणूस दुष्ट नव्हता, हीच तर पंचाईत. माझ्या वडिलांच्या मयतीत खांदा द्यायला तेच पुढे आले होते. धानोऱ्याकडून कोणी चारोळी आणली की मूठभर माझ्या मुलीसाठी हमखास काढून ठेवायचे. अशा माणसावर धड रागावताही येत नाही.

साहेब निवृत्त झाले तेव्हा घरमालकाने दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये निरोप समारंभ ठेवला. हॉल गच्च भरला. वक्ते बोलू लागले, पण सत्कारमूर्तीचा पत्ता नाही. मी शोधायला खाली आलो. साहेब रस्त्याच्या पलीकडे पानठेल्यापाशी उभे होते. कोणीतरी हार तिथेच आणून घातला होता.

"साहेब, वर चला. सगळे वाट पाहून राह्यले."

"येवढे लोक त्या स्लॅबवर? मी नाई येत भाऊ."

"अवो, तुमीच पास केली नं बिल्डिंग?"

"तवा नोकरी होती. आता जीव माझा हाय."

माझी मुलगी त्या वेळी वर निरोपाचं गीत म्हणत होती. साहेबांची गचांडी धरायची फार इच्छा झाली, पण आधी जिना गाठला. स्टेजवर जाऊन तिच्या हातातला माइक घेतला. इमारत धोक्याची आहे असं म्हटलं असतं तर कोणी जागचं हललं नसतं, उलट मलाच सर्टिफिकेट दाखवलं असतं. म्हणून ओरडलो, "जेवण खाली वाढलंय! म्हाताऱ्यांना आधी उतरू द्या!"

खुर्च्यांना चिकटून बसलेली माणसं भराभर उठली. म्हाताऱ्यांना कोणी वाट करून देण्याआधीच म्हातारे जिन्यात पोहोचले होते. हॉल रिकामा झाल्यावर मुलीचा हात धरून मी उतरलो. संतापाने माझे डोळे भरून आले होते. एवढी वर्षं या माणसाच्या शब्दावर मी लेकीला त्या छताखाली बसवलं होतं.

गर्दीतून वाट काढत साहेब माझ्यापाशी आले. मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गळ्यातला हार सावरत मोठ्या काळजीने विचारलं, "जेवण कुठी हाय भाऊ?"