लेबलताईंच्या कपाटातली नावं

लेबलताई कुणाला माफ करायच्या नाहीत. माणसाला नाही आणि कॉम्प्युटरलाही नाही. ज्याने त्रास दिला त्याचं नाव त्या कोऱ्या लेबलवर लिहायच्या आणि घरी नेऊन स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवायच्या. हिशेब चुकता झाला की नावावर रेघ. "नाहीतर विसरायला होतं गं," त्या म्हणायच्या, "आणि आपण विसरलो की लोकांचं फावतं."

घाटकोपरला एका गाळ्यात आम्ही बाराजणी मसाल्याच्या पुड्या भरायचो. ताई कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर लेबलं छापायच्या, वर मसाल्याचं नाव, खाली पॅकिंगची तारीख. शेजारी बसून ती चिकटवायचं काम माझं. माझी शाळा चौथीपर्यंत, त्यात चारचौघांत तोंड उघडायची सवय नाही. ताई बोलायच्या, मी ऐकायचे.

त्या लेबलाच्या प्रोग्रॅमला एक खोड होती. कोपऱ्यातली फुली दाबली की तो पडद्यावरून जायचा, पण आत चालूच राहायचा. गाळ्यातले कॅमेरे त्याच कॉम्प्युटरला जोडलेले, म्हणून कॉम्प्युटर कधी बंद करत नसत. आणि प्रोग्रॅम तारीख घ्यायचा ती सुरू होताना एकदाच. सकाळी पुन्हा उघडला की कालचाच वर यायचा आणि लेबलावर कालची तारीख पडायची.

म्हणून ताई सकाळी आल्या आल्या कंट्रोल, शिफ्ट, एस्केप ही तीन बटणं एकदम दाबायच्या. आत काय काय चालू आहे त्याची यादी यायची. त्यात लेबलाच्या प्रोग्रॅमचं लाल पट्टीचं चित्र शोधून 'एंड टास्क', म्हणजे तो पुरता बंद. रागावल्या की तोंडात मालवणी यायचं. "जा म्हणून सांगितलंय, तरी मेलो दारातच बसलो हा!" मग तो नव्याने उघडायचा, एकच लेबल छापायचं, त्यावरची तारीख मला मोठ्याने वाचायला लावायची. "इंग्रजी नाव वाचता येत नाही ना? चित्र ओळख. पण आधी हाकल, मग उघड."

सुपरवायझरला याची मजा वाटायची. "ताई, दृष्ट काढून झाली असेल तर लेबलं द्या ना!" बायका हसायच्या. संध्याकाळी आम्ही गेल्यावर राहिलेली लेबलं तो छापायचा आणि फुली दाबून निघून जायचा. ताईंनी शंभरदा सांगितलं. त्याने एकदाही ऐकलं नाही.

एकदा ताई आठवडाभर गावी गेल्या. लेबलं सुपरवायझरने छापली. हाकललं काही नाही. सात दिवसांच्या मालावर एकच तारीख पडली आणि सगळा माल परत आला. ताई आल्या त्या दिवशी शेठसमोर तो म्हणाला, "ताई रोज त्या यादीत बोटं घालतात. त्यांनीच बिघडवून ठेवलाय."

शेठ माझ्याकडे वळले. "तू शेजारी बसतेस. खरं काय ते सांग."

मला सगळं माहीत होतं. मी फरशीकडे बघत राहिले.

ताईंना त्याच दिवशी काढलं. पिशवी भरून झाल्यावर त्यांनी एक कोरं लेबल सोडवलं, माझ्यासमोर त्यावर माझं नाव लिहिलं आणि पर्समध्ये ठेवलं. "तू बोलली नाहीस," म्हणाल्या. एवढंच.

ताईंची खुर्ची मला मिळाली, कारण बरोबर तारीख दुसऱ्या कुणाला काढता येईना. सुपरवायझर येता जाता म्हणायचा, "बघ, किती सोपं आहे. म्हातारी उगाच भाव खायची." मी गप्प. गप्प राहणं मला येतच होतं, आता ते कामाला लावलं. आठ महिने मी वाट बघितली.

मग एक दिवस शेठ एका मोठ्या दुकानाच्या माणसाला गाळा दाखवायला घेऊन येणार असं कळलं. "लेबलं मी दाखवणार, तू बाजूला बस," सुपरवायझर म्हणाला. त्या सकाळी मी तीन बटणं दाबली नाहीत.

त्याने ऐटीत प्रोग्रॅम उघडला, लेबल छापलं आणि न बघताच पाहुण्याच्या हातात दिलं. पाहुण्याने ते शेठना दाखवलं. तारीख कालची.

"हिने काहीतरी केलं!" सुपरवायझर ओरडला.

मी उठले. तीन बटणं एकदम दाबली. लाल पट्टीवर बोट ठेवलं. "शेठ, हा कालपासून आत बसलाय. यांनी फुली दाबली आणि गेले. ताई गावी होत्या तेव्हा आठवडाभर हाच बसला होता. तेव्हाही हेच होते." मग त्याला हाकललं, नवा उघडला, आजची तारीख काढून दाखवली. सुपरवायझरच्या कानांपर्यंत लाली चढली. ती मी पोटभर बघितली. दुसऱ्या दिवसापासून तो गोदामात मिरच्यांची पोती मोजायला गेला. मला जराही वाईट वाटलं नाही, अजून वाटत नाही.

रविवारी ते चुकीचं लेबल घेऊन मी कुर्ल्याला ताईंकडे गेले. शेठनी परत बोलावलंय म्हणून सांगितलं. "माझी चप्पलसुद्धा जायची नाही तिथे," म्हणाल्या. पण सगळी हकिगत त्यांनी दोनदा सांगायला लावली, लालीची तीनदा. मग कपाट उघडलं आणि सुपरवायझरच्या नावावर इतक्या जोरात रेघ मारली की लेबल फाटलं.

खाली माझं नाव होतं. मी बघत राहिले. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"तुझं राहू दे. रेघ मारली की तू यायची नाहीस."

त्यांनी चहा टाकला. आता मी दर रविवारी जाते. नाव अजून तिथेच आहे.